‘ढ’ म्हणण्यापूर्वी

वर्णमालेतील ‘ढ’ या अक्षराच्या वाट्याला एक विचित्र अपकीर्ती आली आहे. असे सांगितले जाते की, प्राचीन ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंतच्या प्रवासात इतर अक्षरांनी आपली रूपे पालटली, परंतु ‘ढ’ मात्र होते तसेच राहिले; म्हणून ज्याच्यात काही केल्या फरक पडत नाही अशा विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची चाल पडली. ही उपपत्ती खरी असो वा कोणा रिकामटेकड्याने रचलेली असो, तो शब्द आमच्या घराघरांत ठाण मांडून बसला आहे खरा. ‘‘थोरली हुशार आहे हो फादर, पण धाकटा अगदी ढ!’’ हे वाक्य घरभेटीच्या वेळी मी कितीतरी ओसऱ्यांवर बसून ऐकले आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, तो धाकटा बहुधा तेथेच आईच्या पदराआड उभा राहून ते ऐकत असतो.

अशाच एका धाकट्याचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिसरीतला मुलगा. गायनवृंदात त्याचा आवाज सर्वांत स्वच्छ. एखादे गीत दोनदा कानांवर पडले की सगळी कडवी त्याला मुखोद्गत होत. परंतु गीतांचे पुस्तक हाती देऊन ‘वाच’ म्हटले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर भाषेपुढे लाल रेघ आणि घरी ‘ढ’ ही पदवी! ज्या मस्तकात इतकी गीते चालींसह राहू शकतात, ते मस्तक रिकामे कसे म्हणावे? त्या घराचा एक दरवाजा बंद होता, एवढेच. आणि आम्ही सर्वजण नेमका तोच दरवाजा ठोठावीत होतो.

एका शिक्षकाचे जुने मत

१८९६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमधील ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात उत्तम. पण छापील शब्द त्याला काही केल्या वाचता येत नसत. स्वतःचे नावही तो चुकीचे लिही. डोळ्यांत दोष नव्हता, बुद्धीत उणीव नव्हती. त्याला काही वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी नमूद करून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी देता आले असते, तर शाळेत हाच मुलगा सर्वांत हुशार ठरला असता.

त्या शिक्षकाने रोग अचूक ओळखला होता, पण त्याच्या हाती उपाय नव्हता. एका मुलासाठी सगळी पुस्तके मोठ्याने वाचीत कोण बसणार? ज्याला पुढे ‘डिस्लेक्सिया’ असे नाव रूढ झाले, त्या वाचन-अक्षमतेचे हे एक आद्य वर्णन मानले जाते. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा संमत झाला, त्यातील एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत अशा अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. म्हणजे अशा बालकाला मदत करणे ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. तो त्याचा हक्क आहे.

आणि १८९६ साली जे अशक्य होते ते आज शक्य झाले आहे. पुस्तक वाचून दाखविणारा आवाज आज खेड्यातल्या साध्या मोबाइलमध्येही सापडतो. तेव्हा त्याचा उपयोग कोणासाठी, कसा आणि किती करावा, हाच खरा प्रश्न आहे.

एक फळा आणि तीस मुले

आपल्या गावच्या प्राथमिक शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एकाच खोलीत दोन इयत्ता, क्वचित चारही. एक गुरुजी किंवा एक बाई. फळ्यावर एकच धडा. परंतु समोर बसलेली मुले एकसारखी थोडीच असतात? एकाच्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी. दुसरीला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. तिसऱ्याचा कान कायम वाहतो, म्हणून त्याला निम्मेच ऐकू येते. चौथा सुगीच्या दिवसांत महिनाभर शाळेत आलाच नाही. पाचवी पहिल्या पाच मिनिटांतच सगळे समजून मोकळी झाली आहे आणि आता शेजारणीच्या वेणीशी खेळते आहे. शिवाय आमच्या गायनवृंदातल्यासारखा एखादा कानाने शिकणारा असतोच.

गुरुजी एक आहेत. त्यांनी कोणाकोणाकडे पाहावे? पूर्वी या प्रश्नाला ‘जमेल त्याने शिकावे, न जमेल त्याने गुरे राखावीत’ असे निष्ठुर उत्तर मिळत असे. आज तसे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. इंटरनेटवर विनामूल्य मिळणारी काही साधने अशी आहेत की, धडा तोच राहतो, पण त्याच्याकडे जाण्याच्या वाटा अनेक होतात. त्यांतील खात्रीची चार-पाच येथे सांगतो.

कोणासाठी कोणती वाट

प्रथम घरची भाषा निराळी असलेल्या मुलाविषयी. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे गोष्टींचे भांडार उघडले. आरंभी २४ भाषांतील ८०० गोष्टी होत्या. आज तेथे तीनशेहून अधिक भाषा नांदतात. मराठी, कानडी, कोकणी या तिन्ही त्यांत आहेत. एकच गोष्ट, तीच चित्रे, पण भाषा निरनिराळ्या! मुलाने ती प्रथम घरच्या बोलीत ऐकावी आणि मग शाळेच्या भाषेत वाचावी. गोष्ट आधीच ओळखीची असल्यामुळे अनोळखी शब्दाचा धाक उरत नाही. या गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर मोजके, सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात. गोष्टी उतरवून घेता येतात, छापून काढता येतात, इतकेच नव्हे तर एखाद्या बाईंना आपल्या गावच्या बोलीत त्यांचे भाषांतर करावेसे वाटले, तर त्यालाही पूर्ण मोकळीक आहे.

आता कानाने शिकणाऱ्या मुलाकडे वळू. १९९६ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना एक साधीच कल्पना सुचली. दूरचित्रवाणीवर गाणे लागले की त्याचे शब्द त्याच भाषेत खाली उमटावेत, आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग पालटावा. गाणे सर्वांनाच पाठ असते. त्यामुळे डोळा आपोआप शब्दाचा माग काढतो आणि नकळत वाचनाचा सराव घडतो. अशी गाणी नित्य पाहणाऱ्यांचे वाचन सुधारते, असे पाहणीत दिसून आले. याच तत्त्वावर आता मुलांच्या बोलक्या गोष्टीही मिळतात. आवाज पुढे सरकतो तसतसा शब्द उजळत जातो.

आमच्या त्या गायकाला आम्ही हेच औषध दिले, तेही मोबाइलवाचून. त्याला जे गीत पाठ होते त्याचेच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे ठेवले आणि गाताना प्रत्येक शब्दावर बोट ठेवायला सांगितले. पुढे मोबाइलवरील बोलक्या गोष्टी आल्या. चमत्कार घडला नाही, वर्ष गेले. आज तो हळूहळू, अडखळत, पण स्वतः वाचतो. तात्पर्य, महत्त्व तत्त्वाला आहे. यंत्र हा त्या तत्त्वाचा हमाल आहे.

ज्या मुलाला अजिबात दिसत नाही, किंवा छापील अक्षर वाचणे जमतच नाही, त्याच्यासाठी २४ ऑगस्ट २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ खुले आहे. तेथे ऐकण्याजोगी व ब्रेलमध्ये उतरविता येण्याजोगी पुस्तके मिळतात. अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढण्यास मोकळीक देणारा जो मराकेश येथील आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला अनुमती देणारा पहिला देश आपला भारतच होता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. ती गोष्ट २०१४ सालची.

कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश तयार झाला असून तो इंटरनेटवर पाहता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये या भाषेसाठी ‘पीएम ई-विद्या’ची स्वतंत्र दूरचित्रवाहिनीही सुरू झाली. परंतु आई-बापांनो, येथे एक गोष्ट ध्यानी धरा. मूल फळ्याजवळ सरकत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर प्रथम सरकारी दवाखान्यात त्याचे डोळे व कान तपासून घ्या. चष्म्याने होणारे काम कोणताही मोबाइल करू शकणार नाही.

राहिली ती मागे पडलेली आणि पुढे गेलेली मुले. २००४ साली अमेरिकेत सलमान खान नावाचा एक तरुण (आपल्या सिनेमातला नव्हे!) दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागला. पुढे २००६ साली वेळ वाचावा म्हणून त्याने धड्यांच्या चित्रफिती करून इंटरनेटवर ठेवल्या. तेव्हा ही भावंडे म्हणू लागली की, तू स्वतः शिकविण्यापेक्षा तुझी चित्रफीतच बरी! कारण उघड आहे. चित्रफीत हवी तेथे थांबविता येते, दहादा मागे नेता येते, आणि ‘अजून समजले नाही का?’ असे म्हणून ती डोळे वटारत नाही. यातूनच ‘खान अकादमी’ ही विनामूल्य शाळा उभी राहिली. मंद गतीच्या मुलाला ज्ञानाइतकीच गरज असते ती न लाजता पुन्हा विचारण्याच्या संधीची, हे या भावंडांनी आपल्याला शिकविले.

परितेवाडीची शाळा

ही सारी साधने शहरांसाठी आहेत, आमच्या खेड्याला त्यांचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्याने सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असलेल्या परितेवाडीकडे पाहावे.

२००९ साली रणजितसिंह डिसले नावाचे तरुण शिक्षक तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली. एका बाजूला गुरांचा गोठा. त्यांना पुढे ज्या संस्थेने गौरविले तिने असे नमूद केले आहे की, शाळेतील मुलींची घरची भाषा कानडी असल्यामुळे पाठ्यपुस्तक त्यांना परके वाटे. तेव्हा गुरुजी स्वतः ती भाषा शिकले, पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलींच्या भाषेत आणली, आणि पानापानांवर क्यूआर कोड छापला. क्यूआर कोड म्हणजे काळ्या ठिपक्यांची ती चौकोनी खूण, जी आता किराणा दुकानात पैसे देताना आपण सर्रास वापरतो. ती मोबाइलसमोर धरली की कविता ऐकू येई, धडा पाहता येई, गोष्ट सुरू होई.

२०१७ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या पाठ्यपुस्तकांत अशा खुणा छापण्याचे ठरविले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले. कर्नाटकातील पुस्तकांतही या खुणा आल्या. आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिनही असतो, हा योगायोग मोठा बोलका आहे. गुरुजींनी पारितोषिकाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

सीमेच्या अल्याड मराठी शाळेत कानडी बोलणारी मुले आहेत आणि पल्याड कानडी मुलखात मराठी-कोकणी बोलणारी आपली मुले आहेत. दोघांचे दुःख एकच. परितेवाडीच्या यशाचे मर्म त्या चौकोनी खुणेत नाही. आधी शिक्षकाने मुलींची भाषा शिकून घेतली आणि खूण मागाहून आली, या क्रमात ते मर्म आहे.

बडोद्याचा धडा

यंत्राने किती साधते आणि माणसाने किती, याचाही हिशेब कोणी केला आहे काय? होय. तो आपल्या ओळखीच्या बडोदे नगरीत झाला. २००१ ते २००४ या काळात तेथील आणि मुंबईतील पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने केलेल्या प्रयत्नांची अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर मोजणी केली. याच बॅनर्जी-डुफ्लो दांपत्याला २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बडोद्याच्या चौथीच्या वर्गात दोन-दोन मुले एका संगणकापुढे बसून आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळत. खेळ मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपा वा कठीण होई. त्यामुळे गणितात सर्वच मुलांची, हुशारांची तशीच कच्च्यांचीही, चांगली प्रगती झाली. भाषेत मात्र काही लाभ दिसला नाही. दुसरा प्रयत्न ‘बालसखी’चा. गल्लीतलीच एखादी शिकलेली तरुणी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन बसे. तिच्यामुळे सर्वाधिक लाभ झाला तो कच्च्या मुलांना. आणि खर्चाच्या मानाने पाहता संगणकापेक्षा बालसखी कितीतरी पटींनी सरस ठरली. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा परिणाम बराचसा ओसरला. शेताला एकदाच पाणी देऊन पीक येत नाही, तसेच हेही आहे.

याच्या उलट उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे. तेथील सरकारने खेड्यांतील मुलांना लक्षावधी लहान संगणक वाटले. २०१२ साली ३१९ शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र आले, पण कोणत्या मुलाला कोणती वाट दाखवावी, हे ठरविणारे माणूस त्याच्याबरोबर आले नाही.

घरी काय करावे

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

ज्या घरी एक मोबाइल आणि तीन मुले असतील, तेथे मोबाइल मधोमध ठेवून आवाज मोठा करावा आणि सर्वांनी भोवती बसून एक गोष्ट ऐकावी. नंतर तो बंद करून धाकट्याला तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगायला लावावी. पाहण्यास दहा मिनिटे, बोलण्यास वीस मिनिटे, असे प्रमाण ठेवावे. मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलो, तर धडा संपण्याआधीच तेथे भलतेच चित्र सुरू होते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

जेथे रेंज नसते, तेथील लोकांनी बाजाराच्या दिवशी, जेथे रेंज मिळते तेथे, धडे आणि गोष्टी उतरवून आणाव्यात. ‘दीक्षा’वरील धडे आणि ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी अशा साठवून ठेवता येतात.

जी कुटुंबे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे आहेत आणि ज्यांना जवळपास मराठी शाळा नाही, त्यांनी ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावीत. त्याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही तेथे विनामूल्य वाचावयास मिळतात. बापाने आपल्या लहानपणचा अंक उघडून मुलाला वाचून दाखवावा, याहून चांगली शिकवणी कोणती?

जे ॲप पैसे मागते, मुलाचे छायाचित्र मागते किंवा ‘महिन्यात इंग्रजी फाड्फाड्’ अशी हमी देते, त्याच्या वाटेला जाऊ नये. वर सांगितलेल्या साधनांना एक पैसाही पडत नाही.

शेवटची गोष्ट, गुरुजींना जाऊन भेटा. तक्रार घेऊन नव्हे, माहिती घेऊन. ‘‘माझा मुलगा गाणी पटकन पाठ करतो, पण वाचताना अडतो,’’ एवढे एक वाक्य त्यांच्या कानी घाला. तीस मुलांतून तुमच्या मुलाची वाट शोधून काढण्यास त्यांना ते पुरे होईल. आणि गावातली जी मुलगी दहावी-बारावी होऊन घरी आहे, तिला संध्याकाळी तासभर या मुलांसोबत बसविता आले, तर बडोद्याची बालसखी आपल्याच वाडीत अवतरली असे समजा.

‘ढ’ हे अक्षर दोन हजार वर्षांत पालटले नाही, असे म्हणतात. नसेल पालटले. ते अक्षर आहे. त्याला वाढावयाचे नाही, उद्या उठून संसार करावयाचा नाही. आपल्या दारात खेळणाऱ्या पोराला ते सगळे करावयाचे आहे. तेव्हा पुढल्या खेपेस ओसरीवर पाहुणा आला असता मुलाविषयी काही सांगावयाचेच झाले, तर त्याला काय येत नाही हे न सांगता तो कशाने शिकतो ते सांगावे. पदराआड उभा असलेला तो ऐकत असतो.